दुसरं नाव खरं

"अवोऽऽ, जेवान निवतंयऽऽ."

हा आशाच्या आईचा आवाज. खाडीच्या कडेला, ओल्या चिखलात पाय रोवून, दोन्ही हातांचा कर्णा करून घातलेली हाक. त्यातला 'अवो' आधी खाली सुरू व्हायचा, मध्ये जरा रेंगाळायचा, आणि मग बगळा उठावा तसा वर उठून पाण्यावरून निघून जायचा. समोर होड्या कितीतरी. प्रत्येक होडीत कुणाचा तरी नवरा, आणि त्यातल्या प्रत्येकाला घरी 'अवो' असंच म्हणत. तरी वळायची ती एकच होडी.

लहानग्या आशाने एकदा विचारलं होतं, "आये, बाबांना कसं कळतं त्यांनाच बोलावलंय ते?"

आई म्हणाली होती, "नाव काय गो, नाव पोस्टमन घेतो, तलाठी घेतो, उद्या पोलीस पन घेईल. ही हाक माझी एकटीची हाय. ती दुसऱ्या कुनाला मारता येनार नाय."

त्या हाकेपायी पुढे अबुधाबीत एका संघाचा क्वार्टरबॅक ठरायचा अडून बसेल, हे त्या माउलीला कुठून ठाऊक असणार.

संघाचं नाव खाडीवाले. निम्मे रत्नागिरीचे, निम्मे रायगडचे, आणि सगळे अबुधाबीच्या कडेच्या मुसाफ्फात एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहणारे. खेळ फ्लॅग फुटबॉल, म्हणजे धिप्पाड अमेरिकन फुटबॉलचा हा घरातला शहाणा धाकटा भाऊ. यात कुणी कुणाला पाडत नाही. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन रंगीत फडकी. ज्याच्या हातात चेंडू त्याचं फडकं उपटलं की खेळी खलास. एका बाजूला पाच जण, त्यात दोन तरी बायका, असा लीगचा नियम. पाचांतला एक मागे उभा राहून चेंडू कुणाकडे फेकायचा ते ठरवतो. तो क्वार्टरबॅक. बाकीच्यांनी पळायचं, त्याने बघायचं. आणि हरलं की सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं.

इतकी वर्षं ती जागा केरूची होती. केरू म्हणजे आशाचा नवरा, एका ऑइल कंपनीच्या स्टोअरमध्ये सुपरवायझर, वय पंचेचाळिशीच्या पुढचं आणि पोट वयाच्याही पुढचं. गेल्या डिसेंबरात गावाहून येताना फणसपोळीने ठासलेली बॅग विमानातल्या वरच्या कप्प्यात ढकलायला गेला आणि उजवा खांदा धरला तो धरलाच. तेव्हापासून तो पळायचा, पण उजवा हात पोटाशी धरून, शेल्याची गाठ सांभाळणाऱ्या नवरदेवासारखा. छातीशी आलेला चेंडू झेलायचा. खांद्याच्या वर आलेल्या चेंडूला नुसता नमस्कार.

त्याला झेलायची सवय राहावी म्हणून घराजवळच्या पार्कात आशा त्याला चेंडू टाकू लागली. एरवी सामन्यांना ती बाजूला बसायची, पाण्याच्या बाटल्या आणि संत्र्याच्या फोडी घेऊन. पार्कात तिने पहिल्यांदा तो चेंडू हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाली, "अय्या, हा तर असोला नारळ." लहानपणी होडीत नारळ भरताना काठावरून बाबांच्या हातात असे न सोललेले, असोले नारळ फेकायचं काम तिचंच होतं. पाण्यात पडला तर जेवताना बोलणी. त्यामुळे तिचा हात वाया गेलेला नव्हता. चेंडू बोटांवरून सुटायचा तो स्वतःभोवती गोल फिरत, सरळ रेघेत, आणि समोरच्याच्या छातीशी येऊन असा टेकायचा की झेलणाऱ्याला वाटावं आपणच हुशार.

हे यहयाने बघितलं. यहया संघाचा कोच, शाळेत पीटी शिकवणारा, शारजात कॉलेजला असताना अमेरिकन प्रोफेसरांच्या नादाने या खेळात शिरलेला. बिचाऱ्याची अडचण एकच. अख्खा संघ त्याच्या काका-काकूंचा. शिट्टी फुंकायची, डोळे वटारायचे आणि मग म्हणायचं, "सॉरी काकू."

सप्टेंबर लागला. सीझन ऑक्टोबरात. संध्याकाळच्या मगरीबच्या नमाजानंतर शाळेच्या मैदानावर दिवे लागायचे, हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटायची, आणि क्वार्टरबॅकच्या जागेसाठी दोन जणांची परीक्षा चालायची. एक आशा. दुसरा रोशन.

रोशन सॉफ्टवेअरवाला, उंच, देखणा, फोनवर व्हिडिओ बघून सगळं शिकलेला. त्याचा चेंडू इतक्या जोरात यायचा की त्याची बायको स्वप्नाली झेलायच्या ऐवजी बाजूला व्हायची आणि म्हणायची, "रोश, मी तुझी बायको आहे. भिंत नाही." फेकून झाल्यावर तो समजावून सांगायचा की चूक झेलणाऱ्याची कशी आहे. पण तो पळणाऱ्यांची नावं घ्यायचा, मोठ्याने आणि बिनदिक्कत. आणि तिथेच आशाचं घोडं अडलं होतं.

कारण यहयाची सगळी युक्ती नावांवर उभी होती. रांगेत उभं राहिल्यावर क्वार्टरबॅकने दोन नावं ओरडायची. पहिलं खोटं, दुसरं खरं. "रोशन, स्वप्नाली" असं ओरडलं की रोशनने उगाच जीव तोडून पळायचं आणि चेंडू यायचा स्वप्नालीकडे. समोरचे फसतात. सोपं होतं.

आशा पहिल्या दिवशी ओरडली, "स्वप्नाली... अहो."

आशाची मुलगी अनन्या, चौदा वर्षांची, चेंडूवर वाकलेली. तिने पायांतून चेंडू मागे दिला. केरू दणदण निघाला, चार पावलं गेला, आणि 'अहो' डोक्यात पोचल्यावर थांबला. वळला.

"काय गं?"

चेंडू त्याच्या कानाजवळून निघून गेला.

यहयाने शिट्टी फुंकली. "काका, थांबायचं नाही."

"अरे, हाक मारली ना तिने."

"ती खेळी आहे, काका."

"ती तुला खेळी. मी एकोणीस वर्षं 'अहो' म्हटलं की थांबतो. नाही थांबलं की काय होतं ते तुझं लग्न झाल्यावर बोलू."

खोटं नाव म्हणून आधी 'अहो' घेतलं तर आणखी पंचाईत. केरू जागचा हलायचाच नाही. खिसे चाचपायचा. घरात 'अहो' आलं की त्यामागे गाडीची किल्ली, गॅसचा सिलिंडर किंवा विसरलेलं दही असं काहीतरी यायचं. त्याचं शरीर त्या तयारीने उभं राहायचं.

उपाय बरेच झाले. नंबर पुकारून बघितले. केरूच्या जर्सीवर अठ्ठावीस. आशा "अठ्ठावीस" ओरडली तर अनन्या वाकल्या जागेवरून म्हणाली, "आई, व्हॉट इज अठ्ठावीस?" तोवर खेळीची वेळ संपली. इंग्रजीत 'ट्वेंटी-एट' म्हटलं तर केरूलाच स्वतःच्या पाठीवरचा नंबर आठवेना. मग 'अनन्याचे बाबा' करून बघितलं. ते इतकं लांब की शब्द 'बा'पर्यंत येईतो सरावात समोरून अंगावर धावून आलेल्या, संघातल्याच राखीव मुनीरने आशाच्या कमरेचं फडकं नेलंसुद्धा, आणि वर स्वतःचं नाव ऐकून अनन्या उठून उभी.

"ताई, उखाण्यात तर नाव चालतं ना?" स्वप्नालीने विचारलं. "मग उखाणा घ्या की रांगेत. मी तर म्हणते जबरदस्त होईल."

आशाने खरंच रचला. मान खाली घालून, चेंडूसाठी हात पुढे करून ती म्हणाली,

"सागरामागे डोंगर, डोंगरामागे घाट,
...रावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

'रावांच्या' आधी एक मोकळी जागा राहिली, पडलेल्या दातासारखी.

"खेळीला पंचवीस सेकंद असतात, काकू," यहया म्हणाला. "सॉरी. पण त्यात नाव पण हवं."

"तिच्याकडून नाव निघत नाही रे," केरू मैदानाच्या पलीकडून ओरडला. "लग्नात उखाणा घ्यायला बसली, 'रावांचं'पर्यंत आली आणि नेमका बँड सुरू झाला. माझं नाव त्या दिवशी बँडवाल्यांनीच घेतलं. तेवढ्यावर संसार चाललाय."

"तुम्हीच त्यांना इशारा केलात," आशा म्हणाली.

"मी? मी तर कान लावून बसलो होतो."

कडेला खुर्ची टाकून चहाचा थर्मास मांडीवर घेऊन बसलेले अलीमियाँ हसले. अलीमियाँ यहयाचे वडील. मुसाफ्फात त्यांचं दोरखंड आणि जहाजाच्या रंगाचं दुकान. या खेळातलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण माणसांतलं कळत होतं. "पोरी, घाबरू नको. आमच्या सायराने चाळीस वर्षांत माझं नाव घेतलं नाही. गर्दीत मी हरवलो तर ती खोकते. मी खोकला ओळखून येतो."

"मग अब्बा, अम्मीला पण घेऊ संघात?" यहयाने विचारलं.

"नको. ती तुला पण काढून टाकेल."

सगळे हसले. आशाही हसली. पण घरी जाताना गाडीत ती मांडीवरचा चेंडू फिरवत राहिली. तिला ती जागा हवी होती. वजन उतरावं म्हणून नाही, लेकीबरोबर वेळ जावा म्हणून नाही. तिला फेकायचं होतं. मैदानाच्या मधोमध उभं राहून, चार पळती माणसं बघून, यातलं कोण मोकळं होणार ते त्याच्याही आधी ओळखायचं आणि चेंडू तिथे पाठवायचा, यात तिला जे वाटायचं ते बाकी कशातच वाटत नव्हतं. रोशनची निवड झाली तर पळायला मुनीर होताच. ती पुन्हा संत्र्यांपाशी.

"आई, जस्ट से इट," मागच्या सीटवरून अनन्या म्हणाली. "इट्स टू सिलेबल्स."

"तुझ्या वर्गातल्या पोरांचं आहे का ते, कुणीही म्हणायला."

"लिटरली एव्हरीवन सेज इट."

"म्हणून तर."

केरू गाडी चालवत होता. "माझं म्हणशील तर सवय झालीय. गावाला एक कुत्रा होता, त्यालाही नाव नव्हतं. तरी यायचा."

दिवसभर आशाचं काम काय, तर अबुधाबीतल्या एका हॉस्पिटलात रजिस्ट्रेशनच्या काउंटरवर बसून बायकांना विचारायचं, "हजबंड नेम?" तरुण मुली फटकन सांगायच्या. आपल्या किनाऱ्याकडची एखादी वयस्क बाई आली की मात्र बोलणं थांबायचं. परवा हलिमा नावाच्या श्रीवर्धनच्या आजी आल्या. प्रश्न ऐकून त्यांनी पदर नीट केला आणि नवऱ्याचं कार्ड काचेखालून हळूच पुढे सरकवलं. आशाने कार्डावरून टाइप केलं आणि खातरी करायला मोठ्याने वाचलं, "मोहिद्दीन." आजींनी नुसती मान हलवली, आणि सुरकुत्यांत कुठेतरी लाजल्या.

लोकांच्या नवऱ्यांची नावं दिवसभर तिच्या तोंडी. घरी आल्यावर तिने कुकर लावला आणि हॉलमधल्या केरूकडे बघून ओठ हलवले. 'के' झालं. 'रू'च्या आधी शिट्टी झाली.

"बँडवालेच आले परत," हॉलमधून आवाज आला.

तिने तेलाची बाटली काढली. रोज संध्याकाळी ती त्याच्या खांद्याला कोमट तेल चोळून द्यायची, आणि तो डोळे मिटून "आई गं, तिथेच, तिथेच" करायचा. दुखणं जुनं झालं होतं तरी कण्हणं ताजं होतं.

"अहो, खरं सांगा," चोळता चोळता ती म्हणाली. "मी रोशनपेक्षा बरी टाकते ना?"

"ठीक टाकतेस."

"ठीक म्हणजे?"

"ठीक म्हणजे ठीक. मी टाकायचो तेव्हा वेगळं होतं. जरा खाली, हां, तिथे."

तिने जरा जोरात दाबलं.

महिनाअखेरच्या शनिवारी सरावाचा सामना ठरला खोर फक्कानला. तिथल्या बंदरातल्या फिलिपिनो क्रेनवाल्यांचा संघ होता, आणि अलीमियाँ त्या बंदराला दोरखंड पुरवत, त्या ओळखीने सामना जमला. सकाळीच गाड्या निघाल्या. वाळवंट संपलं, उघडे तपकिरी डोंगर सुरू झाले, बोगद्यांमागून बोगदे गेले, आणि शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर खाली निळं पाणी दिसलं तेव्हा गाडीतले सगळे एकदम गप्प झाले. किनाऱ्याची माणसं कुठेही गेली तरी समुद्र दिसला की क्षणभर गप्प होतात.

मैदान अगदी पाण्याजवळ. एका अंगाला समुद्र आणि बंदराच्या उंच क्रेन, दुसऱ्या अंगाला डोंगराची उभी भिंत.

यहयाने सगळ्यांना गोळा केलं. "पहिला हाफ रोशनभाई. दुसरा आशाकाकू. मॅच संपली की मी नाव सांगणार, आणि सीझनभर तेच." मग आवाज खाली आणून तो आशाला म्हणाला, "काकू, सॉरी. तुमचा हात मला हवाय. पण काका थांबले की आपला सगळा खेळ थांबतो. आज नाव नाही निघालं तर मला रोशनभाईला घ्यावं लागेल. अम्मीची शपथ, मला आवडणार नाही."

"इन्शाल्ला निघेल," अलीमियाँ थर्मास उघडत म्हणाले. "खोकून बघ हवं तर."

पहिल्या हाफात रोशनने दोन चेंडू असे फेकले की सगळे बघत राहिले, आणि सहा असे की सगळे शोधत राहिले. एक तर कंपाउंडवरून थेट किनाऱ्यावर सहलीला आलेल्या कुटुंबाच्या चटईवर. "लाईन बरोबर होती," रोशन म्हणाला. "वारा बघ ना वारा." स्वप्नाली म्हणाली, "वाऱ्याला फ्लॅग बांधून खेळव." तरीही त्या दोन चेंडूंवर दोनदा शेवटची रेघ ओलांडली, म्हणजे दोन टचडाउन झाले. क्रेनवाल्यांचे तीन.

दुसऱ्या हाफात आशा उभी राहिली. रोशनचं आणि स्वप्नालीचं नाव ती घेई तेव्हा सगळं तेलातल्या पुरीसारखं फुगून वर यायचं. स्वप्नालीने न घाबरता झेलला, पुन्हा झेलला, एकदा तर झेलून नवऱ्याकडे बघून हसली. एक टचडाउन झाला. मग क्रेनवाल्यांनीही आणखी एक केला आणि ते सावध झाले. त्या दोघांवर माणसं वाढली. मोकळा राहू लागला तो केरू.

"रोशन... अहो."

केरू थांबला. "काय गं?"

पुन्हा प्रयत्न झाला, आणि पुन्हा तसंच. दोनदा असं झाल्यावर क्रेनवाल्यांचा कॅप्टन, बुटका आणि मिस्कील माणूस, आपल्या गड्यांना म्हणाला की त्या अठ्ठावीस नंबरवाल्याचं नाव अहो आहे आणि नाव घेतलं की तो थांबतो. पुढच्या खेळीला केरू सुसाट निघाला तेव्हा त्या कॅप्टननेच कमरेवर हात ठेवून हाक मारली.

"अहोऽऽ."

केरू थांबला. वळला. "काय?" म्हणाला आणि समोर एक फिलिपिनो बघून गोंधळला.

मग त्यांना चाळाच लागला. "मिस्टर अहो." "अहो, कम हिअर." खेळाडूंच्या बरोबर आलेली त्यांची पोरंही कडेने ओरडू लागली, अहो, अहो. केरू दर वेळी अडखळायचा. रोशन पोट धरून बसला. अनन्याने तोंड झाकून घेतलं. "दिस इज सो एम्बॅरसिंग."

आशाला राग यायच्या आधी हसूच आलं. पण त्यातली एक हाक ऐकून ती हसायची थांबली. कॅप्टन तिचीच नक्कल करत होता, आणि नक्कल हुबेहूब होती. हाक खाली सुरू झाली, मध्ये रेंगाळली, आणि शेवटी वर उठून डोंगरावर जाऊन आपटली. खाडीच्या काठावरची हाक. आईची, मग तिची. दुसऱ्या कुणाला मारता येणार नाही म्हणून जपलेली, आणि आता क्रेनवाल्यांची शेंबडी पोरंसुद्धा ती मारत होती.

तिचे हात एकदम रिकामे झाल्यासारखे वाटले.

शेवटची मिनिटं. एक टचडाउन झाला असता तर बरोबरी. यहया कडेला उभा, शिट्टी ओठांत. अनन्या चेंडूवर वाकली आणि मान वळवून पायांच्या मधून आईकडे बघू लागली. पलीकडे केरू, हात पोटाशी, कुणी हाक मारेल त्याची आता धास्ती घेतलेला.

आशाच्या मनात आलं, माझं एकटीचं असं आता काय राहिलं? सगळे घेतात ते नाव. कंपनी घेते, बँक घेते, व्हिसाच्या ऑफिसातला माणूस घेतो. पण माझ्या तोंडून ते अजून कुणीच ऐकलेलं नाही. खुद्द त्यांनीसुद्धा नाही. म्हणजे ते अजून कोरं आहे.

तिने श्वास घेतला.

"रोशन," ती ओरडली. आणि मग, खाली सुरू करून, मध्ये थोडं रेंगाळून, वर सोडून दिलं.

"केरूऽऽ."

डोंगराने ते नाव उचललं आणि परत पाण्यावर फेकलं. केरूऽऽ.

रोशन धावायचा थांबला. स्वप्नाली थांबली. अलीमियाँच्या कपातला चहा पायजम्यावर गेला. क्रेनवाले एकमेकांकडे बघू लागले. अहो त्यांना ठाऊक होता, हा केरू कोण? ते त्याला शोधत राहिले. आणि इतके दिवस प्रत्येक हाकेला थांबणारा तो माणूस एकटाच थांबला नाही. मान खाली घालून तो पळत सुटला, पोटासकट, सतरा वर्षांच्या पोरासारखा.

चेंडू तिच्या हातून सुटला, पण नावासारखाच वर सुटला. तो उंच गेला. फार उंच. खांद्याच्या वर, डोक्याच्या वर. "गेला," रोशन म्हणाला.

केरूने धावता धावता उजवा हात पोटापासून सोडवला, सरळ आभाळात घातला, आणि झाडावरून आंबा काढावा तसा चेंडू काढून घेतला. रेघ ओलांडली. मग तिथेच दोन्ही हात वर करून नाचला.

यहया शिट्टी वाजवायची विसरला. "आशाकाकू," तो म्हणाला, मग जरा मोठ्याने, "सीझनभर आशाकाकू. खलास." या वेळी सॉरी म्हणायचंही विसरला. रोशनने येऊन चेंडू आशाच्या हातात दिला. "वहिनी, मानलं. पण वारा पडला होता हां आता." स्वप्नालीने त्याला ओढत नेलं. क्रेनवाल्यांचा कॅप्टन केरूचा हात हातात घेऊन म्हणत होता, "गुड कॅच, मिस्टर अहो."

आशा मात्र एकाच गोष्टीकडे बघत होती. वर गेलेल्या त्या उजव्या हाताकडे.

ऊन उतरल्यावर सगळे पाण्याच्या कडेला बसले. अनन्या आणि मुनीर घोट्याएवढ्या पाण्यात चेंडू फेकत होते. अलीमियाँनी पेल्यांतून कडक चहा फिरवला आणि शहाण्या माणसासारखे दूर जाऊन बसले. केरूने पेला घ्यायला हात पुढे केला. डावा.

"उजवा चालतो की," आशा म्हणाली.

केरूने पेल्यात फुंकर मारली.

"खांदा कधी बरा झाला?"

"झाला असेल मध्ये कधीतरी."

"कधी?"

"ईदच्या सुमारास."

"मोठ्या की छोट्या?"

"छोट्या."

आशाने मनात महिने मोजले. "म्हणजे मी उन्हाळाभर रोज तेल लावत होते ते?"

"ते बरं वाटायचं गं."

तिने त्याच्या खांद्याकडे बघितलं. एका क्रेनने डबा उचलला, हवेत जरा थांबवला, आणि जहाजावर अलगद ठेवला. केरू ते फार लक्ष देऊन बघत राहिला.

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर यहयाने मलाच उभं केलं असतं ना पुन्हा. काका म्हणून. त्याला नाही म्हणता येत नाही कुणाला. मग तू बसली असतीस तिकडे, संत्री सोलत."

"बसले असते. त्यात काय?"

"काय म्हणजे काय. चहा पी, निवतोय."

"अजून काहीतरी आहे," आशा म्हणाली. "तुम्ही क्रेनकडे बघताय म्हणजे आहे."

"काही नाही."

तिने पेला वाळूत ठेवला. आता ते नाव तोंडात बसलं होतं, पहिल्या वेळेइतकं जड राहिलं नव्हतं. ती हळूच, त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "केरू, सांगा ना."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने क्रेनवरची नजर काढली, पाण्याकडे नेली, तिथून अनन्याकडे, आणि कुठेच जागा उरली नाही तेव्हा आशाकडे.

"तू माझ्यापेक्षा चांगलं टाकतेस," तो म्हणाला. "पार्कातल्या पहिल्या दिवसापासून."